म्योसा सरोवराची मासळी

नॉर्वे देशाचे नाव काढले की आपल्या मनात समुद्र उभा राहतो. कॉड आणि हेरिंग हे मासे, उत्तरेकडील लोफोटेनची बेटे, तेथे लाकडी दांड्यांवर वाळत घातलेली मासळी, हे सारे आपण चित्रांतून पाहिलेले असते. आपल्या देशाचा नॉर्वेशी जो संबंध आला तोही समुद्राच्या मासळीनेच. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नींदकरा येथे यांत्रिक होड्यांचा प्रकल्प उभा राहिला. त्याचे बरेवाईट परिणाम पुढे तेथील मच्छीमारांच्या पदरी आले. पण तो विषय निराळा, आणि त्यासाठी एक संध्याकाळ स्वतंत्रपणे द्यावी लागेल. आज आम्ही आपणांस नेणार आहोत ते समुद्रापासून दूर, नॉर्वेच्या पोटातल्या एका गोड्या सरोवराकडे. त्याचे नाव म्योसा.

आपण विचाराल, कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसांना परदेशातल्या मासळीशी काय कर्तव्य? कर्तव्य एवढेच की, पाणी कोणाचे, त्यातला मासा कोणाचा आणि ते पाणी बिघडले तर निस्तरायचे कोणी, हे तीन प्रश्न म्योसाच्या काठी हजार वर्षे विचारले गेले आहेत. त्यांची उत्तरे वेळोवेळी बदलत गेली. ती कशी बदलली एवढेच सांगण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम सरोवराची ओळख करून घेऊ. म्योसा हे नॉर्वेतले सर्वांत मोठे सरोवर. त्याची लांबी सुमारे ११७ किलोमीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ३६५ चौरस किलोमीटर. पण खरी नवलाई त्याच्या खोलीत आहे. सर्वांत खोल जागी ते सुमारे ४५० मीटर खोल आहे. त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून साधारण १२३ मीटर उंचीवर. म्हणजे त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही तीनशे मीटरहून अधिक खाली गेला! डोंगराळ मुलखातल्या तळ्याला ही खोली आली ती हिमनद्यांमुळे. हिमयुगात बर्फाच्या अवाढव्य राशी दरीतून सरकल्या आणि त्यांनी खडक कोरून काढला. उत्तरेकडून गुडब्रान्सडाल या लांब दरीतली लोगेन नदी लिलेहामर गावापाशी सरोवरात उतरते. दक्षिणेकडून वॉर्मा नावाची नदी पाणी बाहेर नेते आणि ते पुढे ग्लोमा नदीतून समुद्राला मिळते. काठावर लिलेहामर, हामर आणि यॉविक ही तीन गावे नांदती आहेत.

बर्फ वितळला, पण आपल्या मागे काही भाडेकरू ठेवून गेला. म्योसाच्या थंड, अंधाऱ्या खोल पाण्यात कोळंबीच्या जातीचे बारीक जीव राहतात; ते त्या हिमयुगाचे वंशज होत. त्यांच्यावर आणि पाण्यातल्या इतर सूक्ष्म जीवांवर लहान मासे जगतात. सरोवरात माशांच्या सुमारे वीस जाती आहेत. त्यांतल्या तिघांची ओळख पुरे. पहिला क्रोकले, बोटभर लांबीचा, वसंत ऋतूत थव्याथव्याने काठाशी येणारा. दुसरा लोगोसिल, त्या नावाचा अर्थच 'लोगेन नदीची हेरिंग'. तो हेरिंगसारखा दिसतो, आकाराने आपल्या तारलीएवढा असतो, पण जातीने सामन माशाचा नातलग. आणि तिसरा या दोघांना खाणारा, मोठा ट्राउट. त्याला लोगेनवरील हुंडरफॉसेन या धबधब्यावरून हुंडर ट्राउट म्हणतात. हा मासा नदीत जन्मतो, चारपाच वर्षे तेथेच वाढतो, मग सरोवरात उतरतो. तेथे क्रोकले आणि लोगोसिल खाऊन असा पुष्ट होतो की दहा किलोंचा ट्राउटही कधीकधी हाती लागतो. अंडी घालण्याची वेळ आली की तो पुन्हा नदीला लागतो आणि जन्मस्थानाकडे चढू लागतो. त्याची ही चढती वाट आपण लक्षात ठेवावी. पुढची पुष्कळशी हकीकत तिच्यावरच अवलंबून आहे.

आता इतिहासाकडे वळू. लिलेहामरच्या वरच्या अंगाला लोगेनला मिळणारे गौसडाल नावाचे एक खोरे आहे. तेथे अकराव्या शतकाच्या सुमाराचा एक शिलालेख मिळाला आहे. तो रून नावाच्या जुन्या उत्तरेकडील लिपीत आहे. त्या काळचे पुष्कळसे शिलालेख मेलेल्या आप्ताच्या स्मरणार्थ किंवा पराक्रमाच्या वर्णनार्थ कोरलेले आढळतात. या दगडावर मात्र एवढेच आहे की, एलिव्ह एल्ग नावाच्या माणसाने एका डोंगरी तळ्यात मासे नेऊन सोडले. राजाचे नाव नाही, लढाई नाही, दानपत्र नाही. जिवंत मासा पाण्यावाचून नेता येत नाही. म्हणजे त्या माणसाने पाण्याने भरलेली भांडी चढणीच्या वाटेने वर नेली असली पाहिजेत. त्याची फळे त्याला लगेच मिळाली नसणार. तळ्यात मासा रुजायला वर्षे लागतात. तरीही ही गोष्ट दगडावर कोरून ठेवावी एवढी मोलाची कोणाला तरी वाटली. आम्ही अनेक देशांचे इतिहास वाचले. त्यांत सामान्य श्रमाचे असे स्मारक फार थोडे आढळले.

मासे सोडणाऱ्याची आठवण दगडाने जपली, तर मासे अडवणाऱ्याचा विचार कायद्याने केला. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जुन्या गुलातिंग कायद्यात नद्यांविषयी एक नियम होता. नदीतला मासा ही देवाची देणगी असून तिला वर डोंगराकडे जायचे असेल तर जाऊ दिले पाहिजे, कोणी नदी आडवी बांधून ती सारी आपल्याकडे वळवू नये, असा त्याचा आशय. राजा मॅग्नस याने १२७४ साली साऱ्या देशाला एक कायदा दिला. या राजाला इतिहासात 'कायदे सुधारणारा' हेच बिरुद मिळाले आहे. वरचा नियम त्या कायद्यातही आला. त्यामागची व्यवहारबुद्धी पाहा. खालच्या गावाने नदीत आडवे कूड घालून सारे मासे धरले, तर वरच्या गावाची त्या वर्षी उपासमार होईल. आणि अंडी घालायला मासाच वर गेला नाही, तर काही वर्षांनी खालच्या गावालाही काही मिळणार नाही. धर्माची भाषा वापरून सांगितलेला हा हिशेबच होता.

मात्र वाट मोकळी असली तरी काठ मोकळा नव्हता. गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा हक्क काठच्या जमिनीबरोबर जाई. ज्याची जमीन त्याचे पाणी, आणि ज्याचे पाणी त्याचा मासा. हा मूळ धागा नॉर्वेच्या कायद्यात आजपर्यंत टिकून आहे.

बाराव्या शतकाच्या मध्यावर, ११५३ च्या सुमारास, सरोवरकाठी हामर येथे बिशपचे पीठ स्थापन झाले आणि दगडी कॅथेड्रल उभे राहिले. कॅथॉलिक धर्मात उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य, मासा मात्र चालतो. दर शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस धरले तर वर्षाचा केवढा तरी भाग माशावर काढावा लागे. समुद्र दूर असलेल्या या प्रदेशात सरोवराची मासळी त्यामुळे घरच्या पोटापाण्याच्या पलीकडे जाऊन धर्माच्या गरजेची वस्तू झाली. १५३७ साली धर्मसुधारणेने कॅथॉलिक सत्ता संपवली आणि हामरच्या बिशपला कैद झाली. १५६७ साली स्वीडिश फौजांनी हामर उद्ध्वस्त केले. कॅथेड्रलचे भग्न खांब आज काचेच्या मोठ्या छपराखाली जपून ठेवले आहेत. पीठ गेले, उपास गेले, मासेमारी राहिली.

ती कशी होई ते थोडे तपशिलाने पाहू, कारण श्रमाची गोष्ट मोघम सांगू नये. शरद ऋतूत, सप्टेंबर-ऑक्टोबरात, लोगोसिलचे थवे अंडी घालण्यासाठी सरोवरातून लोगेनच्या मुखात शिरतात. त्या वेळी काठावरून लांब जाळे होडीने अर्धवर्तुळात पाण्यात सोडायचे आणि दोन्ही टोके माणसांनी काठाकडे ओढायची. आपल्या कोकणात ज्याला रापण म्हणतात, त्याच जातीचे हे काम. रापणीला एकटा माणूस चालत नाही. होडी वल्हवणारे, जाळे सोडणारे, दोर ओढणारे असे कितीतरी हात लागतात आणि वाटणी आधी ठरलेली असावी लागते. हंगाम थोड्या आठवड्यांचा आणि मासा मात्र हिवाळाभर पुरवायचा. म्हणून तो मिठात घालून टिकवीत. काही मासा कमी मिठाच्या खारात महिनेच्या महिने मुरवीत. असल्या मुरलेल्या माशाला तेथे राकफिस्क म्हणतात. त्याचा वास उग्र असतो आणि परक्याला तो प्रथम सोसत नाही. पण बोंबील आणि सुकटीवर वाढलेल्या आम्हां लोकांनी त्याला नावे ठेवू नयेत हे बरे.

हिवाळ्यात काठच्या उपसागरांवर बर्फ धरला की मासेमारीची रीत बदले. बर्फाला ओळीने भोके पाडायची. एका लांब काठीला दोरी बांधून ती बर्फाखालून एका भोकातून दुसऱ्या भोकापर्यंत ढकलत न्यायची आणि त्या दोरीमागून जाळे ओढून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी भोके पुन्हा फोडून मासे काढायचे. ओलाउस मॅग्नस नावाच्या स्वीडिश धर्मगुरूने १५५५ साली रोम येथे उत्तरेकडील लोकांविषयी मोठा ग्रंथ छापला. त्यात बर्फाखालच्या मासेमारीचे वर्णन आणि चित्र आहे. त्या गोठलेल्या पाण्यात उघड्या हातांनी जाळे सोडवणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्या हवेत बसून येणे कठीण आहे.

हे हात कोणाचे होते? पुष्कळदा 'हुसमान' लोकांचे. हुसमान म्हणजे स्वतःची जमीन नसलेला कूळ-मजूर. मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीच्या कडेला एक खोपटे आणि जमिनीचा एक तुकडा त्याला मिळे आणि त्याच्या बदल्यात मालक बोलावील तेव्हा कामावर जावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नॉर्वेत अशी सुमारे ६५,००० कुटुंबे होती. म्योसाच्या पूर्वेकडील हेडमार्कची जमीन देशातली उत्तम जमीन, म्हणून तेथे मोठी शेते आणि म्हणूनच हुसमानही अधिक. काठ मालकाचा, म्हणून मासाही मालकाचा. हुसमानाने जाळे टाकायचे ते मालकाच्या मर्जीने. सरोवर डोळ्यांसमोर, मुले भुकेली आणि पाण्याला हात लावायचा तर परवानगी हवी, ही स्थिती आपल्याकडच्या वेठबिगारीचा इतिहास जाणणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

या लोकांमध्ये एक माणूस गेला, तो मार्कुस थ्राने. १८४८ च्या डिसेंबरात त्याने द्रामेन शहरात पहिली कामगार संघटना स्थापिली. दोन-अडीच वर्षांत तिच्या चारशेच्या आसपास शाखा झाल्या आणि सुमारे ३०,००० सभासद. त्यांत शहरातले कारागीर होते, तसे खेड्यांतले हुसमानही मोठ्या संख्येने होते, आणि हेडमार्क हा चळवळीचा एक बळकट भाग होता. १८५० साली सुमारे १३,००० सह्यांचा अर्ज राजाकडे गेला. सर्व पुरुषांना मतदानाचा हक्क, धान्यावरील जकात कमी करणे, सर्वांसाठी बरे शिक्षण आणि हुसमानांची स्थिती सुधारणे अशा त्यातल्या मागण्या. आज त्यांत कोणाला भयंकर काही दिसणार नाही. सरकारला मात्र दिसले. १८५१ साली थ्रानेला अटक झाली. १८५८ पर्यंत तो तुरुंगात राहिला आणि १८६३ साली अमेरिकेला निघून गेला. त्याने मागितलेला सर्व पुरुषांचा मतदानहक्क १८९८ साली आला, स्त्रियांचा १९१३ साली. म्योसाच्या दक्षिणेला आइड्सवॉल येथे १८१४ च्या १७ मे रोजी ११२ प्रतिनिधींनी देशाची घटना मंजूर केली होती. त्या घटनेत हुसमानाला मत मिळायला आणखी चौऱ्याऐंशी वर्षे जावी लागली.

याच काळात सरोवरावर वाफ आली. १८४० साली पहिली आगबोट म्योसावर चालू लागली. १८५४ साली राजधानीपासून, म्हणजे आजच्या ऑस्लोपासून, आइड्सवॉलपर्यंत देशातला पहिला लोहमार्ग झाला आणि १८५६ साली 'स्किबलाडनर' ही बाजूला चाके असलेली आगबोट पाण्यात उतरली. ती आजही उन्हाळ्यात उतारू नेते. काठचा माल आता राजधानीच्या बाजारापर्यंत जाऊ लागला. सरोवरातून लाकडाचे ओंडके तरंगत नेले जात. काठावर गिरण्या, कागदाच्या लगद्याचे कारखाने, दूध आणि बटाट्यावर प्रक्रिया करणारे उद्योग उभे राहिले. काम मिळाले, मजुरी मिळाली, हुसमानाची पिढी कारखान्यात आली. ही गोष्ट चांगलीच झाली. पण कारखान्याची, शेताची आणि घराची मोरी शेवटी कोठे जाते, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. साडेचारशे मीटर खोल पाणी. त्यात काय मावणार नाही, असेच सर्वांना वाटत होते.

पहिला मोठा धक्का माशाच्या वाटेला बसला. १९६० च्या दशकात हुंडरफॉसेन येथे वीजनिर्मितीसाठी धरण बांधले गेले. ट्राउट पूर्वी ज्या धबधब्याशी झुंजत वर जाई, तेथे भिंत उभी राहिली. नदीचे बरेचसे पाणी बोगद्यातून खालच्या वीजघराकडे वळले आणि मधल्या पात्रात पाणी कमी झाले. सातशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने जे करू नका म्हटले होते, ते आता सरकारी परवान्याने झाले. आम्ही विजेच्या विरुद्ध नाही. नॉर्वेची बहुतेक सारी वीज पाण्यापासून होते आणि तिच्यामुळे तेथील कामगाराच्या घरात ऊब आली. शिवाय माशाचा विचार अगदीच झाला नाही असेही नाही. भिंतीच्या बाजूला पायऱ्यापायऱ्यांचा जलमार्ग, म्हणजे माशांची शिडी, बांधली. कृत्रिम रीतीने ट्राउटची पिले वाढवून दरवर्षी सोडण्याची जबाबदारी धरणाच्या मालकावर टाकली. नऊ शतकांपूर्वी एलिव्ह एल्गने जे हौसेने किंवा गरजेने केले, ते आता नुकसानभरपाई म्हणून करावे लागले! शिडीने काही मासे चढतात. पण पाण्याचा वेग आणि उष्णता जमली तरच चढतात, आणि अगदी थोराड मासे तिच्यातून जायला नाखूश असतात, असे अनेक वर्षांच्या निरीक्षणातून दिसून आले आहे. ज्या थोराडपणासाठी हा मासा नावाजला गेला, तोच शिडीला मानवत नाही.

दुसरा धक्का १९७५ आणि १९७६ साली बसला, आणि तो साऱ्यांनाच बसला. सरोवरात एका जातीचे शेवाळ बेसुमार वाढले. पाण्याला वाईट चव आणि वास येऊ लागला. काठच्या शहरांचे हेच पिण्याचे पाणी! कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. घरांचे सांडपाणी, कपडे धुण्याच्या पावडरीतले फॉस्फेट, गोठ्यांतले शेण-मूत, मुरघासाचा निचरा आणि कारखान्यांची घाण यांतून फॉस्फरस सरोवरात उतरत होता. फॉस्फरस म्हणजे शेवाळाचे खतच. सरोवरातले पाणी पूर्णपणे बदलायला सुमारे सहा वर्षे लागतात. तेव्हा आज आत गेलेली घाण उद्या वाहून जाईल ही आशा व्यर्थ होती.

त्यावर जी मोहीम निघाली ती 'म्योसा मोहीम' म्हणून प्रसिद्ध आहे. १९७६ ते १९८१ अशी ती मुख्यत्वे चालली. तेव्हा पर्यावरणमंत्री होत्या ग्रो हार्लेम ब्रुन्टलांड. याच बाई पुढे नॉर्वेच्या पंतप्रधान झाल्या आणि १९८७ साली त्यांच्या आयोगाने जगाच्या विकासाविषयीचा गाजलेला अहवाल दिला. मोहिमेत कोणालाच सूट मिळाली नाही, ही तिची विशेष गोष्ट. नगरपालिकांनी फॉस्फरस काढून टाकणारी शुद्धीकरण केंद्रे बांधली. शेतकऱ्यांनी शेणखताच्या आणि मुरघासाच्या टाक्या गळणार नाहीत अशा करून घेतल्या. कारखान्यांना आपले पाणी साफ करावे लागले. घरोघरी फॉस्फेट नसलेली पावडर वापरावी असा प्रचार झाला. कोट्यवधी क्रोनर खर्च झाले. त्यांतला मोठा वाटा सरकारी तिजोरीने उचलला, बाकीचा लोकांनी. आणि सरोवर सुधारले. शेवाळ ओसरले, पाणी पुन्हा पिण्याजोगे झाले.

कारखान्याच्या मोरीविषयी तोंड उघडले की 'मग नोकऱ्या जातील' हे उत्तर आम्ही आमच्या उमेदीच्या काळात पुष्कळदा ऐकले आहे. कामगाराला कामगाराच्याच मुलांच्या पाण्याविरुद्ध उभे करण्याची ही युक्ती जुनी आहे. म्योसाच्या अनुभवाचे मोल आम्हांला वाटते ते यासाठी. तेथे खर्चाची वाटणी उघडपणे मांडली गेली आणि ज्याची मोरी मोठी त्याच्याकडेही बोट दाखवले गेले.

मात्र हकीकत येथे गोड शेवटाने संपत नाही. डोळ्याला दिसणारी घाण गेली तरी न दिसणारी राहिली. मोठ्या माशांत पारा सापडला. या शतकाच्या आरंभी कापडाला आग लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या ब्रोमीनयुक्त रसायनांचे प्रमाण म्योसाच्या माशांत फार आढळले. त्याचा माग लिलेहामरच्या कापडउद्योगापर्यंत गेला. लहान जीवाला क्रोकले खातो, क्रोकलेला ट्राउट खातो आणि प्रत्येक पायरीवर विष दाट होत जाते. म्हणून गरोदर स्त्रियांनी एक किलोहून मोठा ट्राउट खाऊ नये, असा इशारा नॉर्वेचे अन्नखाते देते. गेल्या शतकात सरोवराच्या तळाशी दारूगोळाही टाकण्यात आला. २०२२ साली त्याच्याच शोधासाठी पाण्याखाली यंत्र सोडले असता चारशेहून अधिक मीटर खोलीवर एक जुने लाकडी जहाज जवळजवळ अभंग उभे असलेले दिसले. खोल, थंड पाणी जे पोटात घेते ते जपून ठेवते. मग ते जहाज असो की तोफगोळा.

आज म्योसावर मासेमारी चालते, पण तिच्यावर पोट भरणारे थोडे आणि हौसेने गळ टाकणारे अधिक. लोगोसिल अजून शरदात नदीमुखाशी येतो. तो त्रिभुज प्रदेश १९९० साली संरक्षित केला गेला. तरीही त्यातून रुंद मोटाररस्ता न्यावा की नाही यावर अलीकडे मोठा वाद झाला. काठावरचा मासेमारीचा हक्क आजही मुख्यतः जमिनीच्या मालकाचाच आहे. फक्त १९९२ च्या कायद्यात एक लहानशी सवलत आहे. समुद्रातून येणारे सामन जेथे चढत नाहीत अशा गोड्या पाण्यात, सोळा वर्षांखालील मुलांना १ जानेवारी ते २० ऑगस्ट या काळात गळाने फुकट मासे धरता येतात. हुसमानाच्या पोराला जे चोरून करावे लागे, ते आज कोणाचेही पोर उजळ माथ्याने करू शकते. सवलत लहान खरी. पण ती लहान म्हणून हिणवण्याचा अधिकार, जेथे नदीकाठच्या पोराला नदीत हात घालण्याचीही भीती वाटते, तेथल्या लोकांना नाही.

श्रोतेहो, आरंभी मांडलेल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नॉर्वेने अर्धीमुर्धी दिली आहेत. काठ अजून मालकाचा आहे आणि ट्राउटची वाट अजून अडलेली आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र त्याने एकदा तरी पुरते दिले. बिघडवणाऱ्या सर्वांनी मिळून निस्तरायचे, आणि तेही पाणी मरण्यापूर्वी. आपल्या गावाजवळूनही एखादी नदी जात असेल. व्याख्यान संपल्यावर घरी जाताना तिच्या पुलावर क्षणभर थांबावे, आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते याची चौकशी करावी आणि पुढच्या सभेत नगरपालिकेला तो प्रश्न विचारावा. तसे झाले तर इतक्या दूरच्या सरोवराची ही कथा आपण उगाच ऐकली असे होणार नाही.